दुसऱ्या ओळीला वाढलेली आंबील

आमच्या कॉलेजच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीला लागून, एक बसकी खोली आहे. दारावर 'अ‍ॅनिमल हाऊस' अशी पाटी आहे. गेली बावीस वर्षं त्या खोलीची किल्ली माझ्याकडे आहे. नगरहून पुण्याकडे जाताना सुप्याच्या अलीकडे आमचं फार्मसी कॉलेज लागतं, पण ही खोली रस्त्यावरून दिसत नाही. आत पांढरे उंदीर असतात. त्यांचं खाणंपिणं बघायचं, पिंजऱ्यातलं भाताचं तूस बदलायचं, वजनं घ्यायची, आणि प्रयोग संपला की त्यांना कायमचं झोपवताना हातात धरायचं, हे माझं काम. हुद्दा प्रयोगशाळा सहाय्यक.

त्या खोलीत माझ्या हातून जे झालं त्याला मी आता चूक म्हणतो. तोंडाला तशी सवय लागली आहे. खरं तर मी ते समजून उमजून, रोज सकाळी, जवळजवळ महिनाभर केलं.

आमच्याकडे पीएच.डी. करायला एक मुलगी आली होती. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, राजूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वस्तीवरची. मला काका म्हणायची, मी तिला ताई म्हणायचो. तिचा विषय नागलीची आंबील. कॉलेजात आधी हसले सगळे. औषधांच्या कॉलेजात आंबील कुठून आली, म्हणून. पण तिच्या गाईड मॅडमना विषय पटला होता.

मला तिनं तो पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितला. पिंजरे धूत होतो आम्ही.

"काका, मेंदूतसुद्धा राखणदार असतात. मायक्रोग्लिया म्हणतात त्यांना. जंतू आला, इजा झाली की धावून जातात."

"म्हणजे आमच्या वस्तीवरच्या कुत्र्यांसारखे."

"अगदी तसेच. चोर आला की भुंकायलाच पाहिजे. पण काही वेळा चोर गेला तरी भुंकणं थांबत नाही. मग ते घरच्यांनाच चावायला लागतात. मेंदूला सूज राहते. म्हातारपणी विसरायला होतं, त्यात या सुजेचाही हात असावा असं म्हणतात."

"आणि आंबील त्या कुत्र्यांना भाकरी टाकणार?"

"तेच तर बघायचंय."

आंबवताना जंतू पिठात काही द्रव्यं सोडतात. त्या द्रव्यांनी या पेशी शांत होतात का, एवढाच तिचा प्रश्न होता. जंतू तिला नको होते. म्हणून ती आंबलेल्या पिठावरचं पाणी इतक्या बारीक गाळणीतून गाळायची की एकही जंतू खाली उतरू नये. आंबवण्यासाठी लागणारं विरजण मात्र तिनं आईच्या मडक्यातून आणलं होतं. ते मडकं म्हणे कधी पूर्ण धुतच नसत. तळाशी थोडी आंबील ठेवायची आणि तिच्यावर नवीन पीठ कालवायचं.

मी मिरजगावकडचा. आमच्याकडे आंबील ज्वारीची. तसं सांगितलं तर म्हणाली, "ज्वारीची? काका, ती आंबील नाही, ती खळ. पोस्टर चिकटवायला चांगली."

"आणि तुमची ती काळपट. डांबर नुसतं."

"डांबर घातलेला रस्ता टिकतो काका."

असे दिवस होते. ते आधी सांगून टाकावेत असं वाटलं, कारण पुढचं वाचल्यावर मला त्या मुलीबद्दल काही आकस होता असं कुणाला वाटू नये.

रॅकला चार फळ्या होत्या, म्हणजे उंदरांच्या चार ओळी. एकेका ओळीत सहा. पहिल्या ओळीला काहीच करायचं नव्हतं, साधं पाणी आणि साधं खाद्य. बाकीच्या तीन ओळींना महिन्याच्या शेवटी एक इंजेक्शन द्यायचं होतं, त्यानं मेंदूत सूज येते. त्यांतल्या दुसऱ्या ओळीला तोवर नुसतं पाणी. तिसऱ्या ओळीला आंबिलीचं गाळलेलं पाणी. चौथीला सूज उतरवणारं एक माहीत असलेलं औषध. शेवटी चारही ओळींचे मेंदू काढून, कापून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत जो फरक दिसेल तोच तिचा थिसिस. दुसरी ओळ खराब झाली तर सगळंच गेलं. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर पंधरा-वीस जणांचे थिसिस झाले होते.

रोज सकाळी ती बोथट टोकाच्या वाकड्या सुईनं तिसऱ्या ओळीतल्या एकेका उंदराच्या घशात मोजून ते गाळलेलं पाणी सोडायची; त्यालाही आम्ही आंबीलच म्हणायचो. मी उंदीर धरायचो. सांडलवंड धरून ती थोडी जास्तच करायची, त्यामुळे तळाशी उरायची. एकदा उघडलेली दुसऱ्या दिवशी चालत नसे. "काका, एवढं बेसिनमध्ये ओता," असं सांगून ती वर लॅबमध्ये जायची.

मी दोन दिवस ओतली. तिसऱ्या दिवशी नाही.

माझे वडील गावच्या पंगतीत वाढपी होते. लग्न असो, सप्ताह असो, दहावं असो, आमटीची बादली त्यांच्या हातात. शेतावर ते कुणाशी फारसं बोलत नसत, पण पंगतीत त्यांचा दरारा होता. एकदा मी बुंदी वाढत होतो, बारा-तेरा वर्षांचा असेन. माझ्या चुलत्याच्या पानावर दोन मुठी टाकल्या आणि शेजारी बसलेल्या, ऊसतोडीहून आलेल्या माणसाच्या पानावर एक. वडिलांनी भर पंगतीत माझा हात धरला. "एका वळीत बसल्याली मानसं हायेत. एकाला येक आन् दुसऱ्याला दोन न्हाई करायचं. वाढायचं तर समद्यांला, न्हाईतर ताट खाली ठिव." मी रडत त्या माणसाला आणखी एक मूठ वाढली. मग वडील म्हणाले, आता बाकीच्यांनाबी वाढ.

तिसऱ्या दिवशी मी आंबिलीचं भांडं घेऊन बेसिनकडे निघालो, तेव्हा दुसऱ्या ओळीतले उंदीर जाळीला नाक लावून उभे होते. आंबट वासानं सगळेच उठायचे. तिसरी ओळ त्यांच्या अगदी खाली. खालच्यांना मिळतं, वरच्यांना वास. आणि महिन्यानं सुई दोघांनाही सारखीच टोचायची. मी सहा छोट्या वाट्या घेतल्या, प्रत्येकीत थोडी थोडी ओतली आणि दुसऱ्या ओळीच्या पिंजऱ्यांत ठेवल्या. मिनिटभरात वाट्या कोरड्या. धुऊन जागेवर ठेवल्या.

पहिल्या दिवशी वाट्या धुताना दोनदा दाराकडे पाहिलं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून तेही थांबलं. रविवारी ती गावाला गेलेली असायची, आंबील वेगळ्या बंद बाटलीत फ्रीजमध्ये ठेवून. घशात सोडायचं काम मीच करायचो. त्या दिवशी तर मी निवांत वाढायचो. मला बरं वाटायचं, हे खरं आहे. दिवसभरात तेवढीच एक गोष्ट असायची की जिच्यानंतर मला बरं वाटे. वडिलांचं नाव पुढे करून मी सुटू पाहतो असं वाटत असेल तर तेही काही खोटं नाही. वडील अडाणी होते. मी बी.एस्सी. आहे.

महिना भरला. इंजेक्शनं झाली. उंदीर झोपवले. मेंदूच्या कापांना रंग देऊन तिनं स्लाइड तयार केल्या आणि पंधरा दिवस सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. रोज खाली येऊन पुढे काय दिसलं ते सांगणारी मुलगी खाली यायची थांबली.

मीच वर गेलो, स्लाइड ठेवायच्या पेट्या द्यायच्या निमित्तानं. गाईड मॅडम तिच्याशी बोलत होत्या.

"दुसरी आणि तिसरी, काही फरक नाही. दोन्हीकडे सारखीच अर्धीमुर्धी सूज. इंजेक्शनची बाटली चांगली होती, त्याच बाटलीवर दुसऱ्याचा प्रयोग नीट झालाय. मग राहिलं काय? आंबिलीत काही नाही, किंवा तुझा हात बसलेला नाही."

"मॅडम, हात बसलेला आहे."

"मग आंबील."

मी पेट्या ठेवल्या आणि खाली आलो. सांगायची ती वेळ होती. त्यानंतर मी तीन आठवडे गप्प बसलो. घरी बायको म्हणाली, "काय झालंय तुमाला? जेवताय का नुसतं ताटात बोट फिरवताय?" मी म्हणालो, प्रयोग फसला एका मुलीचा, आंबिलीनं डोकं शांत होतं का बघत होती. त्यावर ती म्हणाली, "तुमी जल्मापासनं आंबील पिताय, तुमचं कुठं शांत हाय?" मी हसलो. तिला तरी सांगायचं. तिलाही सांगितलं नाही. माझी सात वर्षं नोकरी उरली होती आणि प्रयोगात ढवळाढवळ केली म्हणून एखाद्याला घरी पाठवता येतं, हे मला माहीत होतं. म्हटलं, प्रयोग फसतात. पुष्कळांचे फसतात. ती दुसरा विषय घेईल.

एका दुपारी ती अ‍ॅनिमल हाऊसच्या पायरीवर बसून फोनवर बोलत होती. खाली तिथं रेंज चांगली येते. मी आत तूस चाळत होतो, तिला दिसत नव्हतो. फोन आईचा होता.

"आगं, मी नुसतं इचारलं हुतं, मडकं बदाललं का म्हनून... न्हाई, तुजं चुकलं आसं कुनी म्हनलं?... मशीननं तसं न्हाई सांगितलं आई, मशीन तुज्या हाताचं काय सांगनार... काय केलंस?... फोडलंस?"

मग ती बराच वेळ ऐकत राहिली.

"आई, आगं त्यात काय दोष न्हवता. आजीचं हुतं ना ते."

फोन बंद झाल्यावर ती पायरीवरच बसून राहिली. मी चाळणी खाली ठेवली आणि बाहेर आलो. तिनं डोळे पुसले. मला म्हणाली, "आईनं मडकं फोडलं काका. म्हणते, माझ्याच हाताला काहीतरी झालं असेल, आंबील नासली असेल, म्हणून तुझा अभ्यास वाया गेला. घरात आंबील करायचीच बंद केली तिनं."

मी म्हणालो, "ताई, दुसऱ्या ओळीला आंबील मिळाली."

तिला कळलंच नाही. "म्हणजे?"

"उरलेली मी बेसिनमध्ये ओतत नव्हतो. दुसऱ्या ओळीला वाढत होतो. वाट्यांत."

"कितीदा?"

"रोज."

"रोज म्हणजे?"

"रविवारीसुद्धा."

ती उठून उभी राहिली. ओरडेल असं वाटलं. ओरडली असती तर मला उभं राहणं सोपं गेलं असतं.

"तुम्हाला माहीत होतं काका. तुम्ही तर नवीन पोरांना शिकवता, कंट्रोलच्या ओळीला हात लावायचा नाही म्हणून."

"माहीत होतं."

"मग का?"

मी तिला सगळं सांगितलं, वडील, बुंदी, जाळीला लावलेली नाकं. बोलताना मलाच ते लहान मुलानं केलेल्या सबबीसारखं ऐकू येत होतं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"काका," ती म्हणाली, "ते काय पंगतीला आले होते का? आपण आणलं होतं त्यांना."



तिनं तिथंच पुन्हा आईला फोन लावला. "आई, तुजं काय चुकलं न्हवतं. हितं गडबड झालती. हितल्या मानसाच्या हातनं." माझं नाव घेतलं नाही. पलीकडून आई काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण ताई म्हणाली, "न्हाई, चांगलं हायेत ते. चांगलं हायेत म्हनूनच झालं." मी आत गेलो.

मॅडमकडे आम्ही दोघं मिळून गेलो. मॅडम चिडल्या, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. पण त्यांनी प्राचार्यांकडे काही लेखी दिलं नाही. "बाहेर गेलं तर तुमची नोकरी आणि हिची दोन वर्षं, दोन्ही जातील," म्हणाल्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीकडे पुन्हा अर्ज केला. कारण लिहिलं, तांत्रिक त्रुटी. परवानगी आली. आणखी चोवीस उंदीर.

हे चोवीस माझे. पहिले चोवीस प्रयोगाचे होते, ते मरणारच होते. हे चोवीस मी दया दाखवली म्हणून आले. या वाक्याची मला इतकी सवय झाली आहे की ते लिहिताना हात थांबतही नाही, आणि त्याचीच मला भीती वाटते.

विरजणाचा प्रश्न उभा राहिला, कारण मडकं फुटलं होतं. तिच्या चुलतीनं पूर्वी कधीतरी त्याच मडक्यातली आंबील नेऊन आपलं मडकं लावलं होतं. तिथून एका बरणीत आणलं. चुलती आणि आई यांचं बोलणं नव्हतं. बरणी मागायला आईला स्वतः जावं लागलं. ताईनं एवढंच सांगितलं, अंगणात उभी राहून मागितली म्हणे, आत गेली नाही. त्या बाईचं ते अंगणात उभं राहणंही माझ्यामुळेच.

पुन्हा चार फळ्या, पुन्हा सकाळी वाकडी सुई. ताई म्हणाली, "काका, उरलेलं मी ओतते." मी म्हणालो नको, मीच ओततो. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे ती समोर उभी राहायची, वहीत टीप करायची. दुसऱ्या ओळीतले जाळीला नाक लावून उभेच होते. त्यांना मागच्यांचं काय माहीत. पहिले काही दिवस मी भांडं उचलायच्या आधीच नळ मोठा सोडून ठेवायचो, वास वर चढू नये म्हणून. नंतर तेही सोडलं. वास यायचा तो आलाच.

आता आम्ही पूर्वीसारखं बोलत नव्हतो. भांडण नव्हतं. ती चहा आणायची, मी घ्यायचो. ज्वारी-नागलीवरून कुणी कुणाला चिडवत नव्हतं.

महिन्यानं सगळं झालं. झोपवायच्या दिवशी चोवीसही मीच धरले. ती म्हणाली होती, दुसऱ्या सहाय्यकाला बोलवू. मी नको म्हणालो.

स्लाइड तयार झाल्यावर तिनं मला वर बोलावलं. स्वतः खुर्चीवरून उठली, मला बसवलं. आधी दुसरी ओळ दाखवली. तपकिरी रंगानं रंगलेल्या पेशी, फुगलेल्या, गोळा झालेल्या, फांद्या आखडून आत घेतलेल्या. मग तिसरी ओळ. तिथं पेशींना फांद्या होत्या. पहिल्या ओळीइतक्या बारीक आणि लांब नव्हत्या, काही पेशी गोळाही होत्या. पण फांद्या होत्या.

"फरक आहे काका. मोठा नाही, पण आहे."

"म्हणजे आंबील चालते."

"उंदरांत चालली. माणसांचं लगेच म्हणता येणार नाही." मग जरा हसली. बऱ्याच दिवसांनी. "पण आईला मी एवढं नाही सांगणार. आईला सांगणार, चालते."

मी पुन्हा दुसऱ्या ओळीची स्लाइड लावून बघितली. सहा उंदरांतला नेमका कोणता हा, ते विचारावंसं वाटलं होतं. विचारलं नाही.

व्हायवाला बाहेरून परीक्षक आले होते. सेमिनार हॉलमध्ये प्रोजेक्टर लावायचं काम माझं, म्हणून मी मागच्या भिंतीशी उभा होतो. ती चांगली बोलली. आंबवताना तयार होणारी द्रव्यं, राखणदार पेशी, फांद्या, सगळं नीट सांगितलं. शेवटी परीक्षक थिसिसची पानं उलटत म्हणाले, "प्रयोग दोनदा केलाय. पहिल्यांदा तांत्रिक त्रुटी. त्रुटी म्हणजे नक्की काय?"

मॅडम खाली बघत होत्या. ताईनं क्षणभरसुद्धा माझ्याकडे पाहिलं नाही.

"सर, दुसऱ्या गटाला उरलेली आंबील मिळत होती. माझ्या लक्षात आलं नाही."

"तुमच्या लक्षात आलं नाही? महिनाभर?"

"हो सर. देखरेख माझी होती. चूक माझी आहे."

परीक्षक म्हणाले, "संशोधकानं इतकं गाफील राहून चालत नाही." हे त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं. पहिल्या रांगेत तिचे आईवडील बसले होते. आईनं नऊवारी नेसली होती आणि मांडीवरच्या पिशवीची दोरी बोटाभोवती गुंडाळत होती. तिला शब्द कळले नसतील, पण सूर कळला होता. तिनं मान खाली घातली.

मी हात वर करू शकलो असतो. काही नाही, फक्त 'सर, ते मी केलं' एवढं म्हणायचं होतं. हॉलमध्ये तीसेक माणसं होती. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. परीक्षकांनी पुढचा प्रश्न विचारला.

तिला डिग्री मिळाली. पेढे वाटत ती माझ्याजवळ आली तेव्हा मी म्हणालो, "ताई, तुम्ही माझं नाव सांगायला पाहिजे होतं."

"तुम्ही होतात की काका तिथं," ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. एक पेढा माझ्या हातावर ठेवून ती आईकडे गेली.

परीक्षक प्राचार्यांच्या खोलीत चहा घेत होते. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत वीस मिनिटं तरी गेली असतील. प्राचार्यांची खोली हॉलला लागूनच आहे, दार उघडं होतं. मी प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होतो. ती गुंडाळून झाली, मग सोडून परत गुंडाळली.